पैठणीच्या आतल्या टोकाला

पुस्तक परत आलं की मी आधी त्याचा वास घेतो. बघणाऱ्याला ते विचित्र वाटतं, पण आमच्या धंद्यात वासावरून बरंच कळतं. फोडणीचा वास आला तर पुस्तक ओट्याजवळ वाचलं गेलं, म्हणजे हातातून सोडवत नव्हतं. बामाचा वास आला तर अंथरुणात पडून. कसलाच वास आला नाही तर ते फ्रिजवर ठेवून दिलेलं होतं, कोणी उघडलंच नाही. मग मला दिवसभर चुटपुट लागते, की त्या माणसाला चुकीचं पुस्तक दिलं.

चुटपुट हा माझा जुना आजार आहे. माझी बायको वैशाली म्हणते, "शेजारणीचं दूध उतू गेलं तरी तुम्ही सॉरी म्हणाल." खरं आहे. आणि असा स्वभाव असलेल्या माणसाने निदान किराणा विकावा. साबणाच्या वडीमुळे कोणी रडत नाही. मी मात्र फिरतं वाचनालय चालवायला घेतलं.

ज्यांनी फिरतं वाचनालय पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक जुनी व्हॅन, तिच्या दोन्ही बाजूंना फळ्या, आणि गतिरोधकावर कादंबऱ्या अंगावर येऊ नयेत म्हणून फळ्यांना आडव्या बांधलेल्या दोऱ्या. नाशिकरोडहून निघायचं, ठरलेल्या वारी ठरलेल्या गावी जायचं, वाचलेली पुस्तकं घ्यायची आणि न वाचलेली द्यायची. एवढंच काम. यातलं अवघड काम एकच, कोणाला काय द्यायचं ते ओळखणं. सभासद कधीच पुस्तकाचं नाव सांगत नाहीत. ते म्हणतात, "काहीतरी चांगलं द्या." याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो ओळखायला वर्षं जातात. सूनबाई माहेरी गेलेली असेल तर सासूला विनोदी चालतं. परत आली की रहस्यकथा.

पुस्तकावर काही लिहू नये असा नियम मी प्रत्येक पुस्तकाच्या मागे चिकटवला आहे, आणि त्याच नियमाच्या कागदावर लोक खुणा करतात. हे पुस्तक आपण वाचलंय हे पुढच्या वेळी कळावं म्हणून कोणी फुली मारतं, कोणी टिकली चिकटवतं. सायखेड्याच्या एका बाईंनी तर कादंबरीतल्या खलनायकाचं नाव जिथे जिथे आलं तिथे तिथे पेनाने गिरवून काळं केलं होतं. पुढचा सभासद वैतागून म्हणाला, "अहो, यात खून कोणी केला तेच कळत नाही." मी बाईंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्याचं नाव वाचायचीसुद्धा इच्छा होईना. तुम्ही असली माणसं आमच्या घरात पाठवता कशाला?" मी त्यांची माफी मागितली. एका छापील माणसाच्या वतीने.

आणखी एक सभासद म्हणजे एकलहऱ्याचे गांगुर्डे काका. वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले. ते पुस्तक घेतलं की व्हॅनच्या पायरीवर बसूनच शेवटचं पान वाचतात, मग घरी नेऊन पहिल्यापासून सुरू करतात. मी एकदा म्हटलं, "काका, मग मजा काय राहिली?"

"आम्ही ड्युटीवर गेलो की आधी काटा बघायचो," ते म्हणाले. "प्रेशर किती आहे ते कळलं की मग आत काय चाललंय ते निवांत बघता येतं. तुम्ही लोक काटा न बघता बॉयलरजवळ जाता."

हे सगळं अशासाठी सांगितलं, की पुस्तक माणसाला आत कुठेतरी काहीतरी करतं हे मला ठाऊक होतं. पण ते नेमकं काय करतं, हे बघायला मिळत नाही. माणूस पुस्तक परत देतो, "छान होतं," म्हणतो, आणि आपण पुढच्या गावाला निघतो. मला ते डोळ्यांनी बघायला मिळालं येवल्यात, इंदूताईंच्या मागावर.

इंदूताई पैठणी विणतात. त्यांचे यजमान रमेशभाऊ धाग्यांच्या कांड्या भरून देतात आणि मोबाइलवर क्रिकेट बघतात. एकुलती एक मुलगी पल्लवी, नाशिकला दवाखान्यात नर्स. घराच्या पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. मी त्यांच्या दारात व्हॅन थांबवायचो ती शेजारच्या एका शिक्षकांसाठी. एक दिवस इंदूताई खिडकीतूनच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्याकडं मोठ्यानं वाचणारं पुस्तक नाय का?"

"म्हणजे?"

"माझे हात दिवसभर मागावर. डोळे मागावर. कान तेवढे रिकामे हायेत. गाणी ऐकून ऐकून पाठ झाली. गायकानं श्वास कुठं घेतला ते बी सांगते."

माझ्याकडे तसं पुस्तक नव्हतं. आणि नाही म्हणून घरी आलो तर चुटपुट. शेवटी मी स्वतःच एक कादंबरी वाचून फोनवर रेकॉर्ड करायचं ठरवलं. तिचं नाव मी इथे सांगणार नाही, कारण पुढे तिचा शेवट येणार आहे आणि गांगुर्डे काका सोडून कोणालाच ते आवडणार नाही. लेखक हयात नाहीत. त्यांच्या मुलाला परवानगी विचारायला फोन केला, तर तो म्हणाला, "अजून कोणी ऐकतंय? वाचा वाचा." त्याच्या आवाजाने मला उगाचच वाईट वाटलं.

कादंबरी एका तानीबाईची आहे. घाटाच्या पायथ्याशी तिची चहा-भज्यांची टपरी. तिला एक टाकून दिलेली मुलगी सापडते, ती तिला वाढवते, शिकवते, लांबच्या गावी लग्न करून देते. एवढीच गोष्ट. पण तानीबाईचं तोंड असं फटकळ, की घाटातले ट्रकवाले तिला घाबरून उधारी ठेवत नाहीत.

रेकॉर्डिंग मी व्हॅनमध्ये करायचो. घरात शक्य नव्हतं. खिडक्या बंद करून, घामाघूम होत, हातात फोन धरून मी तानीबाई होऊन ट्रकवाल्यांना शिव्या द्यायचो. गल्लीतल्या लोकांनी वैशालीकडे माझी चौकशी केली. चौथं प्रकरण एकदा पावसामुळे घरात करावं लागलं, आणि ऐन रंगात आलेल्या प्रसंगात कुकरची शिट्टी झाली. मी तसंच पाठवलं. इंदूताईंचा लगेच फोन, "भाऊ, तानीबाईच्या टपरीवर कुकर कधी आला?"

"चुकलं, ताई. परत करून पाठवतो."

"नको नको. राहू द्या. तिला बी आराम."

असं आमचं बरं चाललं होतं. दर आठवड्याला एकदोन प्रकरणं. इंदूताई एकेक प्रकरण दोनतीनदा ऐकायच्या. पल्लवी सुट्टीवर आली की आईची थट्टा करायची. मला ती मामा म्हणते. "मामा, तुम्ही आईला बिघडवलं. दवाखान्यात खरी माणसं रडतात ती बघून आमचे डोळे कोरडे, आणि ही खोट्या बाईसाठी हळहळते. खोट्या माणसांसाठी कोण रडतं हो?"

"तू गप," इंदूताई म्हणायच्या. "तुझ्यापेक्षा जास्त बोलते ती माझ्याशी."

मग पल्लवीचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख. आणि इंदूताईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरासाठी पैठणी मागावर चढवली. आतापर्यंत त्यांनी किती नवऱ्या सजवल्या असतील, पण त्या सगळ्या व्यापाऱ्याच्या दुकानातून गेलेल्या, तोंड न पाहिलेल्या. ही पल्लवीची. रंग पल्लवीने निवडला होता, वांगी. पदरावर मोर नको, आंब्याच्या कोयऱ्या हव्यात, हेही तिनेच सांगितलं होतं.

पदर आधी विणून झाला. अंगाचं विणकाम बरंचसं उरकत आलं. आणि एका बुधवारी मी दारात व्हॅन लावतो न लावतो तोच आतून आवाज आला, "भाऊ, आत या. बसा हितं."

मागाला पाय सोडायला जमिनीत खड्डा असतो, त्याच्या काठावर मी बसलो. इंदूताईंनी खिडकीचं दार पूर्ण उघडलं. उजेड कापडावर पडला.

"काय दिसतंय?"

"सुंदर आहे, ताई."

"सुंदर हाय ते मला बी माहीत हाय. हितं बघा. तिरपं बघा."

तिरपं बघितल्यावर दिसलं. कापडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एक पट्टी, दोन बोटं रुंद. रंग तोच, पण जरा गडद. हाताला लावून बघितलं तर तिथे कापड आजूबाजूपेक्षा घट्ट होतं.

इंदूताईंनी समजावलं ते असं. आडवा धागा उभ्या धाग्यांमधून गेला की फणी पुढे ओढून त्यावर ठोका मारायचा. ठोका जोरात पडला की धागे जवळ बसतात, हलका पडला की लांब. विणकराची सगळी कमाई म्हणजे तो ठोका एकसारखा ठेवणं. गाण्यावर ठोका बिघडत नाही, गाणं उलट हाताला धरून ठेवतं. पण गोष्ट?

"हे कुठलं प्रकरण हाय सांगा," त्यांनी त्या पट्टीवर बोट ठेवलं.

मी त्या पट्टीवरून परत बोट फिरवलं.

"तानीबाईची टपरी पेटवली ते. मला कळलंच नाय मी किती जोरात मारतेय. आणि हे बघा हितं, वर. हे मऊ हाय ना? हितं पोरगी पहिल्यांदा तिला 'आये' म्हणते." त्यांचं बोट सरकत होतं. ताई पैठणीतून कादंबरी वाचत होत्या. मी इतकी वर्षं ज्याचा वास घेत हिंडलो ते इथे उजेडात दिसत होतं, रेशमात.

रमेशभाऊ कांडी भरता भरता म्हणाले, "टपरी जाळली त्या गावगुंडानं, आणि मार पडला आमच्या साडीला."

मी हात जोडले. "ताई, माझ्यामुळे झालं. आजपासून बंद. पल्लवीच्या साडीला डाग नको."

"बंद?" इंदूताई जवळजवळ ओरडल्याच. मग जरा थांबून हळू बोलल्या, कारण आतल्या खोलीत पल्लवी लग्नाच्या सुट्टीवर येऊन पत्रिकांवर नावं घालत होती. "भाऊ, मधी तुमचं प्रकरण दोन दिवस उशिरा आलं. गाणी लावून बसले. हात गाण्यावर आणि डोकं दुसरीकडं. ही जाणार, ही जाणार, एवढंच. सगळाच ठोका गेला. संध्याकाळी ते पार उकलून टाकलं. तानीबाई असली की मी तिच्या पोरीचा विचार करते. माझ्या पोरीचा नाय करत."

उकलणं म्हणजे विणण्यापेक्षा जास्त मेहनत, रेशीम दुखावतं ते वेगळंच. टपरीची पट्टी आणि ती मऊ जागाही त्यांना आता उकलायची होती. दिवस थोडे होते. अडचण अशी होती की गोष्ट ऐकली तर साडी बिघडणार आणि नाही ऐकली तर जास्त बिघडणार. आणि पुढची प्रकरणं काय होती ते फक्त मला ठाऊक होतं. मुलगी लांब जाते. तानीबाई रोज दुपारच्या एसटीची वाट बघते. मुलगी येते, पण तानीबाई गेल्यावर.

परतीच्या वाटेवर मी एवढा खचलो होतो, की शिक्षकांना द्यायचं पुस्तक द्यायचंच विसरलो.

दुसऱ्या दिवशी एकलहऱ्याला गांगुर्डे काकांना सगळं सांगितलं. ते पायरीवर बसून शेवटचं पान वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "सोपं आहे. शेवट सांगून टाका. प्रेशर किती ते कळलं की माणूस घाबरत नाही."

मला पटलं. फोन केला. फार सावकाश, डॉक्टर नातेवाइकांना सांगतात तसं मी म्हटलं, "ताई, मनाची तयारी ठेवा. तानीबाई शेवटी जाते."

"ते मला पहिल्या प्रकरणातच कळलं होतं."

"कसं?"

"एवढं चांगलं माणूस पुस्तकात कधी जगलंय का? पण कळलं म्हणून हात ऐकतो व्हय? पल्लवी जाणार हे ती जन्मली तवाच कळलं होतं."

आता मी जे केलं ते वैशालीला आधी सांगितलं असतं तर तिने मला थांबवलं असतं. मी तानीबाईला मरू द्यायचं नाही असं ठरवलं. ज्या प्रकरणात ती आजारी पडते ते बाजूला ठेवलं आणि व्हॅनमध्ये बसून स्वतःच एक प्रकरण रचलं. त्यात मुलगी सासरहून अचानक येते, मायलेकी जत्रेला जातात, पाळण्यात बसतात आणि जिलेबी खातात. रचताना मला फार छान वाटलं. लेखकाला हे सुचलं कसं नाही, असंही मनात येऊन गेलं. पाठवून दिलं.

पुढच्या बुधवारी इंदूताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला थेट मागापाशी नेलं. कापडावर परत एक पट्टी. पण ही घट्ट नव्हती. विरळ होती, इतकी, की उजेडासमोर धरली तर गाळण्यासारखी दिसली असती.

"हे लेखकाचं नाय," त्या म्हणाल्या.

"ताई..."

"हे तुमचं हाय."

"तुम्हाला कसं...?"

"मला नाय कळलं. मी ऐकत होते, बरं वाटत होतं. पण हात झोपला. हाताला कळलं की हितं काहीच घडत नाय. मग मी परत ऐकलं, नीट." त्यांनी कमरेवर हात ठेवले. "तानीबाई जिलेबी खाते? जिला गोड बघितलं की उलटी येते? गावच्या पाटलाच्या लग्नात बुंदीचं ताट परत पाठवलं ते इसरलात?"

रमेशभाऊ जोरात हसले. "धरला का नाय चोर! हिला फसवायला गेले राव. ही व्यापाऱ्याची नकली जरतार वासावर ओळखते."

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. मूळ प्रकरणात काय आहे, मी का बदललं, साडी नीट व्हावी, तुमचा हात आणि मन दोन्ही दुखू नये म्हणून. इंदूताई ऐकत होत्या. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तिला मरायचं हाय तर नीट मरू द्या. अर्धवट जिती ठेवू नका. तिची पोर येणार हाय ना शेवटी, उशिरा का होईना? मग ती कुणाच्या पायाशी रडणार? जिलेबीच्या?"

मग त्या मागाकडे बघत राहिल्या. विणकर बोलत नसतात तेव्हा त्यांचा हिशेब चाललेला असतो, हे मला तोवर कळलं होतं. थोड्या वेळाने त्या हसल्या.

"साडीचं आतलं टोक राहिलंय," त्या म्हणाल्या. "खोचायचं. नेसताना पहिल्यांदा कमरेला खोचतात ते. ते कुणाला दिसत नाय. वर सगळ्या निऱ्या येतात. तिथवर मी पहिली प्रकरणं परत लावते. ऐकून झालेल्या गोष्टीवर हात एकसारखा पडतो. आणि आतल्या टोकाला आले की मग तुमची शेवटची प्रकरणं. तिथं घट्ट होवो, सैल होवो, कुणाचं काय जातंय?"

गांगुर्डे काकांना मी नंतर हे सांगितलं. शेवट ठाऊक असणं वेगळं आणि गोष्ट सोसून झालेली असणं वेगळं, असा त्यातला फरक मी त्यांना समजावू लागलो. ते म्हणाले, "हो, काटा बघणं आणि ड्युटी संपणं यात फरक आहेच की." आणि परत शेवटच्या पानात डोकं घातलं.

विरळ पट्टी उकलली गेली. पहिली प्रकरणं परत वाजली, कुकरच्या शिट्टीसकट. लग्नाच्या जरा आधी इंदूताईंचा फोन आला. "टोकाला आले. पण हे फोनवर नको. या तुम्ही. समोर बसून वाचा. नायतर तुम्ही परत जत्रेला न्यायचे तिला."

म्हणजे माझ्यावर पहारा. मी गेलो.

दुपारची वेळ होती. इंदूताई मागावर, मी खिडकीपाशी पुस्तक घेऊन, रमेशभाऊ कांड्या भरायला. पल्लवी हातावरच्या मेंदीचे नमुने फोनमध्ये शोधत कोपऱ्यात बसली होती. तिने आधीच सांगून ठेवलं, "मामा, मी ऐकत नाहीये हं. मी फक्त इथे बसलेय."

मी वाचायला लागलो. व्हॅनमध्ये एकट्याने वाचणं वेगळं. इथे प्रत्येक वाक्यानंतर फणीचा ठोका पडत होता, माझ्या वाक्याला कोणीतरी उत्तर देत असल्यासारखा. तानीबाई टपरीच्या बाकावर एसटीकडे डोळे लावून बसली, तिथे ठोके सावकाश झाले. ताप चढला, तिथे भराभर. ट्रकवाले रोज थांबून विचारायला लागले आणि तानीबाई तापातही त्यांना शिव्या द्यायला लागली, तेव्हा रमेशभाऊ हसले आणि हसता हसता त्यांची कांडी फिरायची थांबली. ज्या वाक्यात तानीबाई जाते ते अगदी साधं वाक्य आहे. त्या दिवशी चहाचं आधण कोणी ठेवलं नाही, एवढंच. ते वाचलं आणि मी थांबलो.

"वाचा," इंदूताई म्हणाल्या. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि हात चालू होते. ठाक. ठाक. ठाक. इतके जोरात, की मागाची लाकडं कुरकुरत होती.

मुलगी येते तो भाग मी वाचला. शेवटचं पान संपलं. ठोके थांबले.

मग इंदूताई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "गेली बिचारी." आणि परत हुंदका आला. आणि मग त्यांना आवरेनाच. आम्हाला तिघांनाही कळत होतं की हे सगळं पाणी काही तानीबाईचं नाही. पण त्या तेवढं एकच नाव घेत होत्या. "तानीबाई गं," म्हणत होत्या. पल्लवी कोपऱ्यातून उठली, मागाच्या खड्ड्यात आईशेजारी पाय सोडून बसली, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "आई, मी येईन गं. वेळेवर येईन. मला गाडीचं रिझर्वेशन करता येतं, त्या पोरीला येत नव्हतं."

इंदूताई रडता रडता हसल्या. "तू तर ऐकत नव्हतीस ना?"

"शेवटचंच ऐकलं," पल्लवी म्हणाली. "तेही कानावर पडलं म्हणून."

लग्न झालं. वांगी पैठणीत पल्लवी सुरेख दिसत होती. बायका पदर हातात घेऊन बघत होत्या, काठ बघत होत्या, विणकाम किती एकसारखं म्हणत होत्या. इंदूताई मांडवातून माझ्याकडे बघून स्वतःच्या कमरेला हळूच हात लावायच्या आणि हसायच्या. पाठवणीच्या वेळी त्या रडल्या नाहीत. नातेवाइकांनी त्यावरून नावं ठेवली. रमेशभाऊ त्यांना म्हणाले, "तिचं रडून झालंय. माझं आता सुरू होतंय." आणि ते खरंच ढसढसा रडले. मांडवातल्या बायकांना हे काहीच कळलं नाही.

मी मात्र घरी येऊन चुटपुटत बसलो. एका आईच्या हातातलं दुःख मी मुलीच्या साडीत विणायला लावलं, हे बरं की वाईट? वैशालीला विचारलं. ती म्हणाली, "साडीत नाही तर कुठे ठेवणार होती ती? फ्रिजवर?"

होळीच्या सुमारास नागपूरहून फोन आला.

"मामा, पल्लवी बोलतेय. एक विचारू? काल एका बारशाला पैठणी नेसले. खोचताना आतल्या टोकाला एक जागा हाताला लागते. दोन बोटं. एकदम घट्ट."

"हो."

"तिथे तानीबाई गेली ना?"

"हो."

मग म्हणाली, "लग्नात नेसताना घाईत होते, लक्षात नाही आलं. काल बोट लागलं आणि बसले तिथेच, निऱ्या हातात घेऊन. सासूबाई बाहेरून हाका मारत होत्या. त्यांना काय सांगू?" मग एकदम, "मी फक्त तिचं मरणच ऐकलंय, मामा. ती जगली कशी ते मला माहीतच नाही. पहिल्यापासून पाठवता?"

"खोट्या माणसांसाठी कोण रडतं?" मला राहवलं नाही.

"टोमणे मारू नका. पाठवा."

मी सगळी प्रकरणं पाठवली, क्रमाने. जत्रेचं आणि जिलेबीचं सोडून. चौथ्यातली शिट्टी काढून टाकावी असं मनात आलं होतं, पण इंदूताई म्हणाल्या होत्या तसं तानीबाईला तेवढाच आराम, म्हणून राहू दिली. पल्लवीला तिकडच्या दवाखान्यात नोकरी लागली आहे आणि ती ड्युटीवर जाता-येता ऐकते. मी तिला एकच अट घातली आहे. टपरी पेटते ते प्रकरण चालू असताना कोणालाही इंजेक्शन द्यायचं नाही.